दहावीचं पोर घरात असेल तर

घरात यंदा एसएसएलसीचं, म्हणजे कर्नाटक बोर्डाच्या दहावीचं पोर असेल तर पहिल्यांदा टीव्हीचं कनेक्शन तोडा. मोबाइल मात्र राहू द्या. शाळेच्या ग्रुपवर रात्री अकरा वाजता 'मोस्ट इम्पॉर्टंट' प्रश्न येऊन पडतात आणि ते पोरानं बघितले नाहीत तर सकाळी तुमचाच उद्धार होतो. पोराला टेन्शन देऊ नका, असं सगळे सांगतात. खुशाल देऊ नका. ते काम गल्लीतल्या काकू, मुंबईचे मामा आणि किराणा दुकानदार बिनपगारी करतात.

गणित सरळ आहे. एकूण मार्क ६२५. पहिली भाषा १२५ची, बाकीचे पाच विषय शंभर-शंभरचे. या शंभरातले ८० लेखीचे आणि २० शाळेच्या हातात. त्यामुळे पोराचं सरांशी पटत नसेल तर आधी ते मिटवा, अभ्यासाचं मागाहून बघू.

जानेवारी-फेब्रुवारीत दहावीची व्याख्यानमाला असते. तिथं पोराला न चुकता पाठवा. दीपप्रज्वलन होतं, प्रतिमापूजन होतं, मग मंचावरच्या सगळ्यांना गुलाबाचं फूल. नंतर अध्यक्ष आपण दहावीला असताना कंदिलावर कसा अभ्यास केला ते सांगतात, पाहुणे तोच कंदील पुन्हा पेटवतात. जाजमावर बसलेल्या पोरांच्या पायाला तोवर मुंग्या येतात. शेवटी विज्ञानाच्या सरांच्या हातात माइक येतो आणि पाठोपाठ चिठ्ठीही येते: 'आवरा, हॉल एकपर्यंतच आहे.' उरलेल्या वेळात सर ब्ल्यू प्रिंट सांगतात, म्हणजे कुठल्या धड्यावर किती मार्क. जो धडा दोन मार्कांचा, तो वाचायचा नाही. वर्षभराच्या शिकवण्याचं सार दहा मिनिटांत देणारी अशी सोय दुसरीकडे मिळायची नाही.

पोर कच्चं असेल तर 'पासिंग पॅकेज' घ्या. यात भारताचा नकाशा, थेल्सचं प्रमेय, चार-पाच आकृत्या आणि एक पत्रलेखन एवढंच येतं. आमच्या ओळखीतला एक पोरगा मानवी हृदयाचा छेद डोळे झाकून काढतो. चारही कप्पे जिथल्या तिथे, नावं शिसपेन्सिलीनं, रेघा पट्टीनं. त्यानं एकदा वर्गात विचारलं, "सर, ह्यात रक्त कुठनं आत येतंय आणि कुठनं भायेर जातंय?" सर म्हणाले, "ते तुला कशाला पायजे? नावं घाल आणि सोड, मार्क पडत्यात." योग्यच आहे. असले प्रश्न पडायला लागले की पोराचं लक्ष परीक्षेतून उडतं. घरात अशी लक्षणं दिसली तर वेळीच दाबा.

आणखी एक. अभ्यासाला बसलेल्या पोराकडे बघत बसू नका. याला पुरावा आहे. २०२४ साली परीक्षा केंद्रांत कॅमेरे लावून वेबकास्टिंग सुरू झालं. आदल्या वर्षी ८३.८९ टक्के लागलेला राज्याचा निकाल ७३.४० वर आला, तोही ग्रेस मार्क १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर नेल्यावर. बघितलं की निकाल पडतो.

कन्नड ही तिसरी भाषा म्हणजे आपल्या बेळगावकडच्या मराठी शाळांतल्या पोरांचा स्कोअरिंगचा विषय, तिथं मार्क सोडू नका. सीमाप्रश्नाची काळजी पोरावर टाकू नका. सुप्रीम कोर्टातला दावा २००४चा आहे, यंदा परीक्षेला बसणाऱ्या पोरापेक्षा वयानं मोठा. तो आपलं आपण बघेल. परीक्षेच्या आठवड्यात गावची यात्रा आली आणि देवळाच्या भोंग्यापुढं पोराला स्वतःचा आवाज ऐकू येईना, तर कमिटीला सांगायला जाऊ नका. देवीच्या कृपेनंच पास व्हायचं आहे.

निकालाच्या दिवशी पोराचे मार्क सगळ्यात शेवटी बघायचे असतात. आधी जिल्ह्याचा नंबर. महसुलाला आपण एक जिल्हा, पण शिक्षण खात्यानं बेळगाव आणि चिक्कोडी असे दोन केले आहेत, त्यामुळे कोण कुणाच्या पुढं गेलं यावर दोन दिवस चहा गोड लागतो. उडुपी यादीत पार वर, तिकडं बघायचं नाही, मान दुखते. मग शाळेचा टक्का. तो चांगला यावा म्हणून काही ठिकाणी कच्च्या पोरांना नववीतच 'दुसरीकडं बघा' असं प्रेमानं सांगतात. पोरगं पहिलं आलं असेल तर चौकात फ्लेक्स लागेल. त्यावर दहा-बारा पुढाऱ्यांच्या मधून आपलं पोर शोधायला चष्मा घेऊन जा.

आणि एखाद्या विषयात गेलं असेल तर घाबरू नका. २०२४ पासून वर्षाला एकापेक्षा जास्त परीक्षा असतात, त्यातले चांगले मार्क धरतात. परीक्षा-२ चा अर्ज भरायला शाळेत सकाळीच जा. दुपारनंतर ऑफिसात कुणी सापडत नाही, सगळे गुणवंतांच्या सत्काराला गेलेले असतात.