नाही बाप्पा, सेफ्टी रॉड काढू नको

‘घरची जिम : रॅकवाल्यांची लूट’ या मथळ्याचा एक लांबलचक मेसेज भरतीच्या पोरांच्या ग्रुपांवर फिरतो आहे. परवा तो भाच्याच्या मोबाइलवर पोचला. त्यानं पुढं पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, “मामा, मंग सेफ्टी काढून टाकू का?” रॅक म्हणजे बार ठेवायचा चार खांबांचा लोखंडी सांगाडा, आणि सेफ्टी रॉड म्हणजे हातातून सुटलेला बार अडवायला त्याच्या दोन्ही बाजूंना आडवे लावलेले रॉड.

मेसेजात बरेच मुद्दे आहेत. मी ओळीनं जात नाही. ज्यानं जीव जाईल तो आधी घेतो.

तिसरा मुद्दा बेंच प्रेसचा, म्हणजे बाकावर उताणं पडून बार छातीवरून वर ढकलण्याचा. जसाच्या तसा : “सेफ्टी रॉड हा कंपन्यांचा धंदा आहे. एकट्यानं बेंच मारताना प्लेटांना लॉक लावू नका. अंगठा बारभोवती गुंडाळू नका, बोटांच्याच बाजूला ठेवा, म्हणजे हात लवकर सुटतो. वजन अडकलं तर बार एका बाजूला तिरपा करा, प्लेटा आपोआप पडतात.”

हात लवकर सुटतो, हे मात्र खरं लिहिलंय. तोच तर अपघात आहे! अंगठ्याचा आडोसा काढला की बार नुसता तळहातावर टेकलेला राहतो आणि त्याच्याखाली गळा असतो. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाचं, म्हणजे आयपीएफचं नियमपुस्तक उघडा. बेंच प्रेसला अंगठा बारभोवती असलाच पाहिजे, असा तिथं नियम आहे. आणि हा नियम कुणासाठी? ज्यांच्या आजूबाजूला प्लॅटफॉर्मवर कमीत कमी २ आणि जास्तीत जास्त ५ माणसं वजन सांभाळायला उभी असतात, त्यांच्यासाठी. तुमच्या ओसरीत सकाळी साडेपाचला कोण उभं असतं?

आता तिरपं करण्याचं बघू. बार २० किलोचा, दोन्हीकडं ३०-३०, एकूण ८०. बार छातीवर बसलाय, हात संपलेत. डावी बाजू कशीबशी खाली केली आणि डावीकडच्या प्लेटा घसरल्या. त्या क्षणी उजवीकडं ३० किलो आणि डावीकडं शून्य. बार छातीवरच फिरतो, उजवं टोक धाडकन जमिनीकडं जातं आणि २.२ मीटर लांब बारचं डावं टोक फटकाऱ्यासारखं वर उडतं. ते कुठं लागेल हे कुणाच्या हाती नसतं. घरच्या खोलीत लहान पोरं फिरतात, खाटेवर म्हातारं माणूस निजलेलं असतं. आणि बार छातीऐवजी गळ्यावर आला, तर तिरपं करायला ना जोर उरतो ना वेळ.

यात एक अर्धं सत्य आहे, नाइलाजानं मान्य करतो. ज्याच्याकडं रॅकच नाही, नुसतं दोन खुंट्यांचं बेंच आहे आणि जवळ कुणी नाही, त्यानं लॉक न लावणं हा शेवटचा उपाय म्हणून जुने लोक सांगत आले आहेत. तसाच दुसरा उपाय बार पोटावरून मांड्यांकडं लोळवत नेण्याचा. ४० किलोला जमतो, ८० ला पोटात काय होतं ते करून बघू नका. पण हे रॅक नसलेल्यासाठी. रॅक असताना सेफ्टी काढून हे उपाय करणं म्हणजे विहिरीचा कठडा फोडून पोहणं शिकायला निघणं.

सेफ्टी लावायची कशी, तेही सांगतो, कारण चुकीच्या उंचीवर लावलेली सेफ्टी नसल्यासारखीच. बेंचसाठी रिकामा बार घ्या. पाठीला कमान देऊन, छाती वर काढून बार छातीला टेकवा. रॉड त्या उंचीच्या १-२ सेंटीमीटर खाली हवा. मग कमान सोडा, पाठ सपाट करा. बार रॉडवर बसला पाहिजे आणि छाती मोकळी झाली पाहिजे. तसाच बार गळ्यावर आणून बघा, तिथंही रॉडनंच पेलला पाहिजे. बेंच ४२ ते ४५ सेंटीमीटर उंचीचं असेल तर ही जागा साधारण जमिनीपासून ६० ते ७० सेंटीमीटरच्या पट्ट्यात येते. खांबावरची भोकं ५-५ सेंटीमीटरवर असली की नेमकी उंची सापडत नाही. एक भोक छातीला अडवतं, खालचं गळ्याला वाचवत नाही. अशा वेळी वरचं भोक धरा आणि बेंचच्या दोन्ही पायांखाली १८ मिलीमीटर प्लायवूडची फळी घाला. अख्खी एक फळी, चार तुकडे नकोत, तुकडे सरकतात.

स्क्वॉटला, म्हणजे बार खांद्यांवर घेऊन बैठक मारताना, रॉड बारच्या सगळ्यात खालच्या जागेपासून ३ ते ५ सेंटीमीटर खाली. हुक, म्हणजे बार टेकवायचे खांबावरचे आकडे, छातीच्या मधल्या हाडाच्या उंचीला, म्हणजे गुडघे थोडे वाकवून बार उचलता येतो. टाचा उचलून बार काढावा लागत असेल तर हुक एक भोक खाली घ्या. ठेवताना बार आधी दोन्ही खांबांना टेकवायचा, मगच खाली सोडायचा. एक बाजू हुकात आणि एक हवेत, हे बहुतेक वेळा हुक शोधत मान वळवल्यानं होतं. उठता आलं नाही तर पुढं वाकायचं नाही. सरळ खाली बसून बार रॉडवर सोडायचा आणि पुढून बाहेर निघायचं.

याच मुद्द्याच्या शेपटाला आणखी एक रत्न आहे : “फारच भीती वाटत असेल तर १२ ची सळई आडवी टाका.” वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या घनानं वाढते. त्याच लोखंडाची १२ मिलीमीटर सळई २५ मिलीमीटर रॉडच्या नवव्या हिश्श्याइतकी ठरते. स्लॅबात ती सिमेंटच्या आत असते म्हणून टिकते, हवेत आडवी असली की वाकते.

पहिला आणि दुसरा मुद्दा वेल्डिंगवाल्याचा. “जो ट्रॅक्टरची ट्रॉली बनवतो त्याला रॅक काय जड? १६ गेजचा पाइप घ्या, १२ पेक्षा मजबूत. चार माणसं लोंबकळून बघा, टिकला की पास.”

पहिलं वाक्य मला पटतं, हे आधीच सांगून टाकतो. तालुक्याच्या गावातला चांगला फॅब्रिकेशनवाला पक्का रॅक बनवू शकतो, तोही बाहेरून मागवलेल्या कितीतरी हलक्या रॅकांपेक्षा चांगला. पण पुढचं वाक्य वाचून हसावं की रडावं कळेना. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, भाऊ! १६ गेज म्हणजे सुमारे १.६ मिलीमीटर, १४ म्हणजे २, १२ म्हणजे २.६. रॅकच्या खांबाला ५० बाय ५० चा चौकोनी पाइप ३ मिलीमीटरचा धरा. दुकानात गेज विचारूच नका, पाइप काट्यावर ठेवायला सांगा. २० फुटी ५० बाय ५० नळी ३ मिलीमीटरची असेल तर २५-२६ किलो भरते, २ मिलीमीटरची १८ च्या आसपास, १६ गेजची १४-१५. अख्ख्या रॅकला साधारण साडेचौदा मीटर पाइप लागतो, म्हणजे अशा तीन नळ्या. तयार रॅकचा सांगाडा ६० किलोच्या आसपास नसेल तर पाइप कुठंतरी पातळ झालाय.

लोंबकळण्याचं म्हणाल तर चार जणांचं मिळून २८० किलो वजन वरच्या दांड्यावर शांतपणे लटकतं. रॅक तुटतो तो तिथं नाही, तुटतो हुकाजवळ, सेफ्टी धरणाऱ्या पिनेजवळ, जोडाच्या वेल्डिंगला, आणि तेही वजन पडल्यावर. ८० किलोचा बार ३० सेंटीमीटरवरून सेफ्टीवर पडला आणि १ सेंटीमीटरात थांबला, तर त्या १ सेंटीमीटरात सरासरी जवळजवळ अडीच टनांचा जोर येतो. म्हणूनच महागड्या रॅकांना आडव्या रॉडऐवजी नायलॉनचे जाड पट्टे असतात. पट्टा ताणला जाऊन थांबायचं अंतर ३ सेंटीमीटर झालं तर तोच जोर ८८० किलोवर येतो.

वेल्डिंगवाल्याला सांगायच्या गोष्टी अशा. भोकं गॅस कटरनं पाडायची नाहीत, ती वेडीवाकडी होतात आणि पिना खेळतात. लेथच्या दुकानात पिलर ड्रिल असतं, तिथं न्या. चारही खांब एकत्र शिकंज्यात आवळून एकाच खुणेवर भोकं पाडा. सुटे सुटे पाडले की डावा रॉड उजव्यापेक्षा अर्धा सेंटीमीटर वर जातो आणि बार कायम कलतो. ५० च्या पाइपाला २५ मिलीमीटरचं भोक पाडलं तर निम्मी भिंतच गेली. त्याला १७ चं भोक आणि १६ ची पिन. मग सेफ्टी कशी? पिनेवर दीड इंची जाड पाइप चढवा, पुढच्या आणि मागच्या खांबाच्या मधोमध घट्ट बसेल एवढा कापून. वाकण्याचा भार पाइप घेतो, पिन फक्त टोकाला आधार देते. पिनेच्या एका बाजूला डोकं आणि दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकला असते ती कडीवाली लॉक पिन, कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते. २५ चा भरीव रॉडच हवा असेल तर खांब ७५ बाय ७५ चे घ्या. बेंचच्या पट्ट्यात १७ ची भोकं अडीच सेंटीमीटरवर, बाकी ५ वर. जोडाला नुसते टाके नकोत, चहूबाजूंनी वेल्डिंग आणि कोपऱ्यांत ५ मिलीमीटरच्या त्रिकोणी पट्ट्या. पूर्ण वेल्डिंगआधी दोन्ही कर्ण मोजा, सारखे नसतील तर तेव्हाच हातोडा चालतो. हुकाच्या आत जिनिंगच्या किंवा कोळसा खाणीच्या जुन्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडा बोल्टनं बसवा, नाही तर बारची पकडीची खरखरीत नक्षी वर्षभरात गुळगुळीत.

रुंदीचा घोटाळा याहून हमखास. मेसेज म्हणतो, “रुंदी ४ फूट.” आतून की बाहेरून? वेल्डिंगवाला आतून धरतो. ४ फूट म्हणजे १२२ सेंटीमीटर, त्यात दोन खांबांचे १०, झाले १३२. आणि त्याच आयपीएफच्या पुस्तकाप्रमाणे बारच्या दोन कॉलरमधलं, म्हणजे प्लेटा आतून जिथं अडतात त्या दोन कड्यांमधलं, अंतर असतं १३१ ते १३२ सेंटीमीटर. म्हणजे बार हुकात बसतच नाही, बसला तर कॉलर खांबाला घासते. बाहेरून १२० ते १२२ सांगा, कागदावर आकृती काढून द्या. ५ फुटी बार या रॅकला चालणार नाही. ६ फुटी घेण्याआधी दुकानातच कॉलरमधलं अंतर टेपनं मोजा. पुढच्या-मागच्या खांबांत निदान ७० सेंटीमीटर जागा ठेवा, म्हणजे स्क्वॉट रॅकच्या आत होतो.

“जमिनीत ठोकायची गरज नाही, रॅक वजनानंच उभा राहतो.” सपाट काँक्रीटवर, नुसत्या स्क्वॉटला, बऱ्यापैकी खरं. पण पुलअपला झोके घेतले किंवा बार जोरात खांबावर आपटला की ६० किलोचा रॅक मागं झुकतो. आपल्याकडं खाली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यामुळं फेब्रुवारीत सरळ असलेला रॅक ऑगस्टमध्ये हलू लागतो. सारवलेल्या जमिनीवर किंवा मातीवर बसवलेल्या शहाबादी फरशीवर अँकर बोल्ट मारू नका, फरशी तडकते आणि बोल्टाला धरायला खाली काही नसतं. काळी माती काढून मुरूम भरून ठोका, वर ४ इंच काँक्रीट, त्यात १२ चे अँकर. नाही तर १८ मिलीमीटर प्लायवूडचे दोन थर एकमेकांवर आडवे-उभे स्क्रूनं जोडून त्यावर रॅक बोल्ट करा. गवंड्याची पाण्याची नळी घेऊन चारही पाय वर्षातून दोनदा तपासा.

बाकीचे मुद्दे भराभर. “आपल्या आखाड्यात कुठं रॅक होता?” नव्हता, कारण जोर, बैठका आणि मुद्गल यात गळ्यावर लोखंड येत नाही, शिवाय वस्ताद समोर उभा असे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून ती परंपरा चालवतं आहे. ती शिकायची तर खुशाल शिका, पण ती बेंच प्रेसची सेफ्टी नव्हे. “भरतीत छाती भरायला बेंचच लागतं.” मुलांच्या पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीला १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक आहे. छातीच्या मापात ५ सेंटीमीटर फुगवून दाखवावी लागते, तो श्वासाचा सराव आहे. “स्क्वॉटनं गुडघे जातात.” झेपत नाही तेवढं वजन घेऊन अर्धंच बसणाऱ्यांचे जातात. “सिमेंटच्या घरगुती प्लेटा चालतात.” चालतात, पण कापसाच्या काट्यावर एकेक तोला. दोन बाजूंत २ किलोचा फरक पडला तरी बार कलतो आणि दोष हाताला दिला जातो.

एक गोष्ट मेसेजात नाही. मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये कूलर लावाल, तेव्हा त्याचं तोंड रॅककडं ठेवू नका. ओल्या हवेनं पंधरा दिवसांत पिना गंजतात आणि भोकात अडकतात, मग पोट्टे त्या काढायचा कंटाळा करून रॉड स्क्वॉटच्या उंचीवर तसाच ठेवून बेंच मारतात. पिना महिन्यातून एकदा काढून तेलाचं फडकं फिरव, भाच्या. आणि रॉड काढला असशील तर आजच परत लाव.