पांढरे किडे दिसले म्हणून माशांची अख्खी टाकी धुवायला कोण सांगतंय तुम्हाला?

काचेवर केसाएवढा पांढरा किडा वळवळताना दिसला की पुढचं सगळं ठरलेलं. मासे बादलीत. खडी गरम पाण्यानं खळखळून धुवायची, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पार पांढरा होईपर्यंत पिळायचा, काच मिठानं घासायची, नवं पाणी भरायचं आणि वर निळं औषध ओतायचं. तीन-चार दिवसांनी मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात, दोन उलटे होतात. मग घरभर एकच, "किड्यांनी मासे खाल्ले." अरे भावा, किड्यांनी नाही खाल्ले. धुण्यानं मेले ते!

खडीवर आणि स्पंजवर जो तपकिरी, बुळबुळीत थर असतो, त्यातच टाकीचा जीव आहे. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून निघणारा अमोनिया त्या थरातले जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करून टाकतात. नव्या टाकीत ते वसायला चार ते सहा आठवडे लागतात. गरम पाण्यानं ते मरतात, नळाच्या क्लोरीननं मरतात, त्या निळ्या मिथिलीन ब्लूनंही मरतात. म्हणजे एका रविवारी तिन्ही बाजूंनी त्यांना संपवायचं आणि दोष द्यायचा कुणाला, तर त्या दोऱ्याएवढ्या किड्याला. संताप येतो हो बघून!

आणि किडा कुठला आहे, हे बघायला दोन मिनिटं कुणाला नसतात. पांढरा, दोऱ्यासारखा बारीक, पाण्यात सुटला की नागमोडी वळवळणारा, खडी हलवली की झुबक्यानं वर येणारा: हा कचराखाऊ डेट्रिटस वर्म. गांडुळाच्या जातकुळीतला. उरलेलं खाद्य, विष्ठा, सडलेली पानं खातो, माशाला हातही लावत नाही. उलट मासेच त्याला मटकावतात. तो प्रत्येक जुन्या टाकीच्या खडीत असतोच. दिसायला लागला याचा अर्थ एवढाच, की एक तर खाली घाण लई झालीय, नाहीतर खडीतला ऑक्सिजन संपलाय. पावसाळ्यात लाईट चार-पाच तास गेली, फिल्टर बंद पडला, की हेच किडे श्वासासाठी खडी सोडून काचेवर चढतात. लोकांना वाटतं एका रात्रीत पैदास झाली!

यांच्यावर औषध तर अजिबात नको. हजारो किडे एकदम खडीत मेले की तेच सडून अमोनिया वाढवतात. करायचं काय, तर हात आवरायचा. दाणे दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपतील एवढेच. आठवड्यातला एक दिवस उपास. मोठ्या माशांना काही होत नाही. एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीचा बूड कापा, तोंडाला अर्धा इंची नळी बसवा, झाला सायफन. बाटली खडीत खुपसून घाण वर ओढायची, खडी गोल फिरून परत खाली पडते. या आठवड्यात डावी अर्धी खडी, पुढच्या आठवड्यात उजवी. एका वेळी पाव टाकीच पाणी बदला, आणि नवं पाणी बादलीत चोवीस तास ठेवलेलं हवं. स्पंज पिळायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच. तीन-चार आठवड्यांत काच मोकळी होते.

प्लॅनेरिया हा किडा वेगळा. तो वळवळत नाही, काचेवरून सरकतो. चपटा असतो, डोकं बाणाच्या टोकासारखं तिकोनी, त्यावर दोन काळे ठिपके. रात्री दिवा घालवून बॅटरी मारा, स्वच्छ दिसतो. मोठ्या माशांना त्याचा त्रास नाही, पण अंडी आणि कोळंबीची पिल्लं सोडत नाही. त्याला काचेवर ब्लेडनं चिरडू नका, एकाचे दोन होतात! रंकाळा तलावातून पाणवनस्पती उपटून तशाच टाकीत सोडल्या की हा येतो, सोबत जळवाही येतात. तो पकडायला छोट्या बाटलीच्या टोपणाला तीन मिलिमीटरची भोकं पाडा, आत कच्च्या मटणाचा हरभऱ्याएवढा तुकडा टाका, रात्री खडीवर आडवी ठेवा आणि उजाडताच काढा. दिवसभर राहिली तर मटण सडतं. आठवडाभर रोज करा. फेनबेंडाझोल या जंताच्या औषधानं तो मरतो, पण काही जातींच्या गोगलगायीही मरतात.

खरी भीती एकाच किड्याची, आणि नेमका तोच कुणी ओळखत नाही. गप्पी किंवा मॉली स्थिर उभी असताना गुदद्वारातून लाल दोऱ्यांचा झुबका बाहेर डोकावतो आणि ती हलली की आत जातो. हा कॅमालॅनस, आतड्यातून रक्त पितो. मिठानं, निळ्या औषधानं काही होत नाही, प्राझिक्वांटेल हे चपट्या जंतांचं औषधही चालत नाही. लेव्हामिसोल हे जंताचं औषध लागतं, लिटरला 2 मिलिग्रॅम. दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी कागदावर 56 लिटरची, पण खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी 45 लिटरच भरतं, म्हणजे 90 मिलिग्रॅम. पावडरीत शुद्ध औषध किती टक्के ते वाचून हिशेब करा. टाकी चोवीस तास झाकून अंधारात ठेवा, उजेडात ते निकामी होतं. औषधानं किडे फक्त लुळे पडून खाली येतात, म्हणून नंतर तळ सायफननं ओढून निम्मं पाणी बदलायचंच. तीन आठवड्यांनी हेच परत.

आणि ज्यांनी आधीच सगळं धुऊन काढलंय, त्यांनी आता तरी आणखी औषध ओतू नका. तीन दिवस खाद्य बंद, हवेचा पंप चोवीस तास चालू, रोज तिसरा हिस्सा पाणी बदला. ज्याची जुनी, निरोगी टाकी आहे त्याच्याकडून वापरातला स्पंज मागून आणा. ओलाच आणा, वाटेत सुकू देऊ नका, आणि न धुता तुमच्या टाकीत सोडा.