भर कार्यक्रमात स्क्रीन कशी मालवावी?

परवा एका व्याख्यानात लॅपटॉपची स्क्रीन इतक्या वेळा मालवली, की हा निष्काळजीपणा नसून रियाज असावा अशी खात्री पटली. ही विद्या काही मोजक्या कार्यकर्त्यांपुरती राहू नये. गणेशोत्सव, स्नेहसंमेलन, सोसायटीची वार्षिक सभा, कुठेही 'लॅपटॉप मी बघतो' असं म्हणून पुढे होणार असाल, तर पुढच्या सूचना नीट वाचा.

आधी येऊन काहीही तपासू नका.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात 'पॉवर अँड बॅटरी', त्यात स्क्रीन आणि स्लीपच्या वेळा असतात. तिकडे फिरकायचंच नाही. फिरकलातच, तर तिथल्या चार आकड्यांपैकी एकच बदला. स्क्रीन बंद व्हायची वेळ वेगळी, मशीन झोपायची वेगळी, आणि या दोन्ही चार्जरवर वेगळ्या, बॅटरीवर वेगळ्या. तुम्ही फक्त स्क्रीनला 'नेव्हर', म्हणजे 'कधीच नाही', द्या आणि स्लीपची दहा मिनिटं तशीच राहू द्या. दहाव्या मिनिटाला मशीन झोपेल, स्क्रीनलाही सोबत नेईल. वर 'अहो, मी नेव्हर केलं होतं!' असं छातीठोकपणे सांगता येतं, आणि ते खोटंही नसतं.

चार्जरची पिन एक्स्टेंशन बोर्डात जरूर खोचा, पण बोर्डाचा लाल दिवा लागलाय का ते बघू नका. हॉलमधल्या बोर्डाचं बटण कुणीतरी माईकवाल्याने बंद केलेलं असतंच. मग लॅपटॉप बॅटरीवर चालतो, चार्जरसाठी दिलेलं 'नेव्हर' बाजूला पडतं आणि बॅटरीची पाच मिनिटं लागू होतात. कोपऱ्यातल्या बॅटरीच्या चित्रावर चार्जिंगची खूण नाही, हे सगळ्या सभागृहाला दिसतं. तुम्हाला दिसायचं कारण नाही.

एफ5 दाबू नका. त्या बटणाने पॉवरपॉइंट स्लाइड शोमध्ये जातो, आणि तिथे गेला की तो स्क्रीन स्वतःहून जागी ठेवतो, म्हणजे आपला सगळा बेत फसतो. डावीकडे बारक्या स्लाइडांची रांग, वर सगळी बटणं, अशा अवस्थेतच पूर्ण व्याख्यान होऊ द्या. पीडीएफ असेल तर उत्तमच. तिला कुणी जागं ठेवत नाही.

स्लाइड शो चालू असेलच, तर घाईत 'बी' दाबला जाऊ द्या. स्क्रीन काळी होते. पुन्हा 'बी' दाबला की परत येते, हे कुणालाही सांगू नका.

पाहुणे बोलत असताना काळजीपोटी विंडोज आणि 'एल' दाबून मशीन लॉक करा. लॉक झालेल्या मशीनची स्क्रीन साधारण मिनिटभरात मालवते, वरच्या चार आकड्यांत तुम्ही काहीही भरलेलं असो. त्यासाठीची वेळ वेगळी असते आणि ती नेहमीच्या यादीत दिसतही नाही. मग पासवर्ड माहीत असलेल्या गृहस्थांना चहाच्या टेबलावरून बोलवा आणि त्यांनी तो माईक चालू असतानाच सांगावा: 'कॅपिटल एस... नाही नाही, पहिला कॅपिटल... मग ॲट द रेट, वन टू थ्री.'

आता प्रोजेक्टर. ही खरी पर्वणी. लॅपटॉप झोपला की सिग्नल तुटतो. पडद्यावर निळ्यावर पांढरं 'नो सिग्नल' येतं. लॅपटॉपचं एखादं बटण दाबलं असतं तर काम झालं असतं, पण तेवढ्यात एक उत्साही सदस्य खुर्चीवर चढून केबल उपटतो, दुसरा ती उलटी घालून बघतो, आणि तिसरा, जो 'मला यातलं कळतं' म्हणत आलेला असतो, तो प्रोजेक्टरच बंद करून पुन्हा चालू करायला जातो. दिव्याच्या प्रोजेक्टरला हे चालत नाही. बंद केल्यावर आतला पंखा दिवा थंड करत राहतो, आणि तो थंड होईपर्यंत बऱ्याच मॉडेलांचं बटण दाद देत नाही. मग हा गडी ते बटण दाबतच राहतो. दाबतो, थांबतो, पुन्हा दाबतो. शेवटी वैतागून भिंतीवरचा मेन स्विच बंद करतो, म्हणजे पंखाही बंद, दिवा अजून तापलेलाच, आणि त्याचं आयुष्य कमी झालं ते वेगळंच. वक्ता पाण्याचा ग्लास हातात घेऊन उभा. सूत्रसंचालक 'तांत्रिक अडचण' म्हणतात. कसली तांत्रिक अडचण? स्क्रीन ठरलेल्या वेळी बंद झाली, म्हणजे तंत्र अगदी चोख चाललंय! अडचण तुमची आहे!

आणि टचपॅडवर बोट फिरवत राहायला एका पोराला बसवता, त्याचं काय? सगळ्यांना व्याख्यान, त्याला हमाली. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचंच फुकट 'पॉवरटॉइज' आहे, त्यात मशीन जागं ठेवणारं 'अवेक' आहे. मात्र त्यातलं 'कीप स्क्रीन ऑन' वेगळं चालू करावं लागतं, नाहीतर मशीन जागं राहतं आणि स्क्रीन तेवढी मालवते. मॅकवर टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'कॅफिनेट' (caffeinate) लिहून एक जागा सोडून 'डॅश डी' (-d) द्या; कंट्रोल-सी दाबेपर्यंत स्क्रीन मालवत नाही. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर त्यावर ऑफिसचं धोरण असू शकतं. मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा-शिफारशीतच हात न लागल्यास लॉक होण्याची मर्यादा 900 सेकंद आहे, आणि ती लागू असेल तर तुमच्या 'नेव्हर'ला कुणी विचारत नाही. असा लॅपटॉप कार्यक्रमाला आणूच नका, मंडळातल्या कुणाचा तरी घरचा आणा.

बास झाला उपरोध. माणसं कामं टाकून, बस बदलून, म्हाताऱ्या आईला सोबत घेऊन येतात. त्यांनी तुमचा काळा पडदा का बघत बसायचं? चार आकडे बदलायला दोन मिनिटं लागत नाहीत. अर्धा तास आधी या, बोर्डाचा दिवा बघा, चारही जागी 'नेव्हर' करा, एफ5 दाबा, लॅपटॉपला हात न लावता पंधरा मिनिटं बसून बघा. तेवढं जमत नसेल तर माईकवरून 'मी बघतो' म्हणू नका, दुसऱ्याला करू द्या. आणि कार्यक्रम संपला की ते 'नेव्हर' काढा. हार-तुरे आवरायला सगळे स्टेजवर जातात आणि मंडळाच्या बँकखात्याचा लॅपटॉप टेबलावर उघडाच पडलेला असतो, तोही तुमच्याच जबाबदारीचा आहे.