विलंब आणि टाळ
विलंबावरचा, म्हणजे संदेश निघून पोहोचेपर्यंत जाणाऱ्या वेळेवरचा, एक लेख वाचला. यंत्रातला आणि शरीरातला विलंब एकाच मापाने मोजावा, हे त्या लेखातील मत मला अपुरे वाटते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या चेतातंतूतील संदेशाचा वेग मोजला, तो सेकंदाला सुमारे २७ मीटर भरला. इंटरनेटसाठी वापरल्या जाणाऱ्या काचेच्या बारीक प्रकाशतंतूतील संकेत मात्र सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. तरीही आमच्या खानापूरकडच्या भजनात टाळ पखवाजाच्या थापेबरोबरच पडतो, कारण मेंदू पुढची मात्रा आधीच ओळखून हाताला निघायला सांगतो. लॉकडाऊनमध्ये आम्ही मोबाईलवरून भजन करून पाहिले, तेव्हा आवाज कधी लवकर, कधी उशिरा येई आणि दुसऱ्याच अभंगाला ठेका मोडला. टाळ धरलेले माझे हात अक्षरशः थबकले. लहान पण ठरावीक विलंबाशी माणूस जुळवून घेतो, बदलता विलंब त्याला चकवतो, आणि नेमक्या या फरकावर लेखात एक ओळही नाही.