चर्च कमिटीवर यायचंय? मग पवित्र शास्त्र जरा जपून वाचा

पुण्यात माणूस कशाचा तरी अध्यक्ष झाल्याशिवाय पूर्ण होत नाही. सोसायटीचा, गणेश मंडळाचा, ज्येष्ठ नागरिक संघाचा, काहीच नाही तर निदान हास्यक्लबचा. मग आपण ख्रिस्ती लोकांनीच मागे का राहायचं? आपल्याकडे चर्च आहे, चर्चला कमिटी आहे, कमिटीला सेक्रेटरी आणि ट्रेझरर आहेत. मंडळीचं नेतृत्व करावं अशी उबळ तुम्हाला येत असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. प्रेषित पौलानंच आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिलंय की जो अध्यक्षाचं काम करू पाहतो तो चांगल्या कामाची इच्छा धरतो. हे वचन पाठ करा, प्रचारात वापरा. मात्र त्यापुढे वाचू नका. पुढच्याच ओळीपासून अटी सुरू होतात: एका स्त्रीचा पती, नेमस्त, पाहुण्यांचं आगत-स्वागत करणारा, मारामारी न करणारा, भांडकुदळ नसलेला, पैशाचा लोभ नसलेला, स्वतःचं घर नीट चालवणारा, शिवाय बाहेरच्या लोकांतही ज्याचं नाव चांगलं आहे असा. एवढं सगळं बघत बसलं तर कोरम कधी भरायचा?

सुरुवातीलाच सांगून ठेवतो, या मार्गात खरी अडचण विरोधी पॅनेलची नसते, बायबलची असते. त्यातल्या पुढाऱ्यांना पुढारी व्हायचंच नसतं! मोशे देवाशी हुज्जत घालतो: मला बोलता येत नाही, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. गिदोन म्हणतो, माझं घराणं सगळ्यात दुबळं आणि घरात मी सगळ्यात लहान. यिर्मया वयाचं कारण सांगतो. शौलाला राजा म्हणून निवडलं तेव्हा तो सामानसुमानात लपून बसला होता, शोधून बाहेर काढावा लागला. अशा उमेदवारांची पत्रकं कोण छापणार? शास्ते पुस्तकाच्या नवव्या अध्यायात योथामानं एक गोष्ट सांगितली आहे, ती तर मतदानापूर्वी कुणाच्या कानावर पडता कामा नये. झाडांना राजा हवा होता. जैतुनाला विचारलं, ते म्हणालं मी माझं तेल सोडून येऊ का? अंजिरानं गोडी सोडली नाही, द्राक्षवेलीनं रस सोडला नाही. शेवटी काटेरी झुडपाला विचारलं. ते लगेच तयार झालं, आणि वर म्हणालं, या, माझ्या सावलीत विसावा घ्या! उमेदवाराचं पहिलं भाषण कसं असावं याचा इतका चोख नमुना दुसरीकडे मिळणार नाही. नमुना घ्या, गोष्ट सांगू नका.

आता प्रचाराकडे वळू. घरभेटी सुरू करा. वर्षभर ज्यांच्या दुखण्याखुपण्याची चौकशी केली नाही त्यांच्याकडे प्रार्थनेला जा. प्रार्थना लांब करा, म्हणजे चहा येईपर्यंत ती पुरते. (चहाचं महत्त्व पुण्याच्या ख्रिस्ती इतिहासात मोठं आहे. १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये रानडे-टिळकांसारखी मंडळी चहा-बिस्किटाला बसली आणि त्या कपानं सगळं शहर प्रायश्चित्तापर्यंत ढवळून काढलं. तुमचा कप एवढा महाग पडणार नाही, पण किती जणांकडे प्यायलात हे लिहून ठेवा.) आपण मूळचे नगर जिल्ह्यातल्या कुठल्या गावचे हे बोलता बोलता काढा. सात पिढ्यांत कुठेतरी नातं निघतंच.

चर्चमध्ये वेळेवर येऊ नका. पहिलं गीत संपता संपता आलात की मधल्या वाटेनं सगळ्यांदेखत चालत जाता येतं. पहिला बाक तुमचा. सभास्थानातली मुख्य आसनं आणि मेजवानीतल्या पहिल्या जागा आवडणाऱ्यांबद्दल मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात बरंच काही आहे, पण ते शास्त्र्यांना आणि परुश्यांना, म्हणजे त्या काळच्या धर्मपुढाऱ्यांना, उद्देशून आहे. तुम्ही कमिटी मेंबर आहात. नाताळात गेटवर फ्लेक्स लावायलाच हवा. वर तारा, खाली तुमच्या पॅनेलचे सात-आठ गोल फोटो, मधोमध तुम्ही, कोपऱ्यात गव्हाणी. बाळापेक्षा तुमचा फोटो मोठा दिसला तर कुणी हरकत घेणार नाही. बाळाला निवडणूक लढवायची नाही.

वशिल्याबद्दल मात्र सावध राहा, कारण त्याबाबतीत शास्त्रातलं उदाहरण फारसं उत्साहवर्धक नाही. याकोब आणि योहान या येशूच्या दोन शिष्यांसाठी, म्हणजे जब्दीच्या मुलांसाठी, त्यांची आईच येशूकडे गेली: तुझ्या राज्यात माझा एक मुलगा उजवीकडे आणि एक डावीकडे बसू दे. मार्काच्या शुभवर्तमानात तर आईही नाही, दोघं स्वतःच मागतात. मी पिणार आहे तो प्याला तुम्हाला पिता येईल का, असं येशूनं विचारलं, तर प्याल्यात काय आहे हे न बघताच दोघं म्हणाले, येईल की! बाकीच्या दहा शिष्यांना हे कळलं आणि ते चिडले. त्यांचा राग तत्त्वाचा होता असं मला तरी वाटत नाही. अर्ज भरायला उशीर झाला याचा तो राग असावा. मग येशूनं सगळ्यांना जवळ बोलावून सांगितलं की परराष्ट्रीयांचे अधिकारी लोकांवर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसं नसावं. मोठं व्हायचं असेल त्यानं सगळ्यांची चाकरी करावी. एवढं स्पष्ट सांगून काय झालं? लूकच्या म्हणण्याप्रमाणे शेवटच्या भोजनाच्या मेजावरच पुन्हा वाद पेटला, आपल्यात मोठा कोण? तो विषय अजून मिटलेला नाही. मागच्या सभेवरून पुढे चालू, असं म्हणून तुम्ही बिनधास्त चर्चेला घ्या.

पाय धुण्याचं कसं करायचं, हा नाजूक प्रश्न आहे आणि त्यावर जरा थांबायला हवं. उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी काही चर्चमध्ये हा विधी होतो. तुमच्याकडे होत असेल तर पुढाकार घ्या, फोटो फार छान येतात. बारा जण आधीच ठरवा आणि त्यांना घरून पाय स्वच्छ धुऊन यायला सांगा. पाणी कोमट, टॉवेल नवा, प्रत्येक पायावर दोन थेंब पुरेत. फोटोग्राफरला खालच्या बाजूनं कॅमेरा लावायला सांगा, म्हणजे वाकलेले असूनही तुम्ही उंच दिसाल. मूळ प्रसंगात पाय धुळीनं माखलेले होते आणि हे काम घरातल्या गुलामाचं होतं. म्हणून तर पेत्र संकोचून म्हणाला, माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस. शिवाय योहान एक गोष्ट नीट ध्यानात ठेवायला लावतो: येशूला पकडून देणारा यहूदा त्या वेळी तिथेच होता. पैशाचा व्यवहार ठरवून आलेल्या माणसाचे पाय गुरूनं धुतले आणि मगच तो बाहेर पडला. हे अनुकरणीय नाही. विरोधी पॅनेलचा एकही माणूस त्या बारांत नको, टॉवेल हातात असताना माणूस असुरक्षित असतो.

निवडून आलात. अभिनंदन. चेकबुक, कपाटाच्या किल्ल्या, माइक आणि नाताळचा मोठा तारा, या चार वस्तू पहिल्याच रविवारी ताब्यात घ्या. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे एकटाच सोडवत बसायचा, त्याचा सासरा इथ्रो आला आणि म्हणाला, असं करशील तर तूही थकशील आणि लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसं नेम. मोशेनं ऐकलं. सासऱ्याचं! यरुशलेमच्या मंडळीनं तर कहर केला. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी तक्रार आली, तेव्हा चौकशी समिती नेमून विषय थंड करायचा सोडून त्यांनी सात जण निवडले. स्तेफनापासून निकलावापर्यंत सातही नावं ग्रीक. म्हणजे तक्रार ज्यांची, वाटप त्यांच्याच हाती! तुमच्याकडे कुणी तक्रार केली तर त्याला फुलांच्या सजावटीच्या उपसमितीत टाका.

पैशांचं एक धोरण ठेवा: देणगी सूचनांच्या वेळी नावानिशी वाचायची, खर्च मात्र एकूण रकमेत. तपशील मागणाऱ्याला 'भाऊ, विश्वासात वाढा' असं प्रेमानं सांगा. पौलाचा इथे भरवसा धरू नका. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमली तर ती एकट्यानं न नेता आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला दुसरा भाऊ पाठवतो, का, तर कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये. इफिसच्या मंडळीतल्या वडीलजनांचा निरोप घेताना हात पुढे करून सांगतो की कुणाच्या सोन्या-रुप्याचा, कपड्याचा मी लोभ धरला नाही, माझ्या गरजा याच हातांनी भागवल्या. तंबू शिवायचा तो! नहेम्यानं अधिपतीचा भत्ता बारा वर्षं उचलला नाही. म्हातारा शमुवेल सगळ्या इस्राएलासमोर उभा राहून विचारतो, मी कुणाचा बैल घेतला, कुणाचं गाढव घेतलं, सांगा. वार्षिक सभेत हा प्रश्न तुम्ही विचारू नका, पुण्यातले लोक उत्तर देतात.

मिशनच्या जुन्या जागा, कौलारू बंगले, चिंचेची झाडं असलेलं कंपाउंड, यांचा विषय आला की वकील लागतो. धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचा अर्ज, दाखल करा, समोरच्यांनी केला तर हरकत घ्या. करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा सहावा अध्याय म्हणतो की भाऊ भावाविरुद्ध कोर्टात जातो हाच तुमचा पराभव आहे, त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही? तो अध्याय त्या वर्षी वाचनात येऊ देऊ नका. वकीलसाहेब उपासनेला असतात, त्यांना बरं वाटणार नाही.

संदेशासाठी बाहेरचे वक्ते बोलवायला पुण्यासारखं शहर नाही. पेपल सेमिनरी १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून इथे आली, युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये यवतमाळहून. विद्वानांना तोटा नाही, फक्त विषय तुम्ही द्या: आपल्या पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा, इब्री तेरा, सतरा. अर्ध्या वचनावर थांबायची विनंती करा, कारण उरलेल्या अर्ध्यात तेच पुढारी तुमच्या जिवांचा हिशेब देणार आहेत असं येतं. हिशेब म्हटलं की लोक उगीच जागे होतात. आणि यहेज्केल चौतीस? मेंढपाळ चरबी खातात, लोकर पांघरतात, पण मोडलेल्याला बांधत नाहीत, हरवलेल्याला शोधत नाहीत, असं त्यात आहे. पाळकसाहेबांनी तो उतारा काढलाच तर तो पाळकांबद्दल आहे असं चेहऱ्यानं दाखवा.

महिलांना सन्मान द्या. म्हणजे चहा, सजावट आणि एक शास्त्रवाचन. किंख्रियातल्या मंडळीची सेविका फीबी, खजुरीखाली न्याय करणारी दबोरा, यांचा उल्लेख महिलादिनाला करायला हरकत नाही. पंडिता रमाबाई तर आपल्याच जिल्ह्यातल्या, केडगावच्या. ५ एप्रिलला त्यांच्या फोटोला हार घाला. दुष्काळात स्वतः फिरून त्यांनी मुली-बायका आणल्या, हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, हे भाषणात येऊ द्या. त्यांची १८८५ च्या सुमाराची पत्रं मात्र कुणाच्या हाती लागू देऊ नका. मोठ्या कष्टानं भारतातल्या पुरोहितांचं जू मानेवरून काढलंय, आता तसलंच दुसरं घालून घेणार नाही, असं त्या बाईंनी इंग्लंडातल्या आपल्या धर्ममातेला खडसावून लिहिलंय. असल्या बाईला कोणती उपसमिती देणार? कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचंही तसंच. त्यांची भजनं डोळे मिटून म्हणा, पण १९१७ साली मिशनचा पगार सोडून ते साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडून बसले, हे तरुण संघाला सांगायची घाई नको.

सारखं टाळा-टाळा म्हणतोय, तर अनुकरण करावं असं बायबलमध्ये कुणीच नाही का? आहे. योहानाचं तिसरं पत्र उघडा, पानभरसुद्धा नाही. त्यात दियत्रफेस नावाचे एक गृहस्थ आहेत. त्यांना मंडळीत पहिलं असायला आवडतं. प्रेषिताचं पत्र आलं तरी ते मानत नाहीत, वडीलधाऱ्यांबद्दल वाटेल ते बरळतात, बाहेरून आलेल्या भावांना घरात घेत नाहीत आणि जे घेतात त्यांना मंडळीबाहेर काढतात. हे सगळं मोबाइल नसताना! तुमच्या हातात तर मंडळीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. 'ओन्ली ॲडमिन' करा, मग रोज सकाळी एक वचन टाका. योहानानं 'आलो की याची कृत्यं काढतो' असा दम भरलाय खरा. पण तो प्रत्यक्ष आला की नाही हे पत्रात नाही, ही आपल्या दृष्टीनं जमेची बाजू.

आणि हरलात तर? खचू नका. निकालाच्या रात्रीच तुम्हाला दर्शन झालं असं जाहीर करा, वीस-पंचवीस कुटुंबं घ्या आणि एखाद्या मंगल कार्यालयाचा छोटा हॉल रविवार सकाळसाठी ठरवा. लग्नाच्या सीझनमध्ये तो मिळत नाही, म्हणून वर्षाचा ॲडव्हान्स आधीच देऊन टाका. नावात 'इंटरनॅशनल' असू द्या, निदान हडपसरपर्यंत. तुम्ही स्वतः अध्यक्ष होऊ नका, लेटरहेडवर 'प्रभूचा नम्र सेवक' एवढंच छापा. वहिनींना ट्रेझरर करा, मेव्हण्याला सेक्रेटरी. घटना मात्र चांगल्या वकिलाकडून लिहून घ्या, आणि पहिली निवडणूक प्रभूच्या दुसऱ्या आगमनानंतर तीस दिवसांच्या आत घेण्यात येईल असं कलम त्यात न विसरता घाला.