लस न घेतलेला माणूस म्हणजे नेमका कोण?

गेल्या दिवाळीत नाशिकला गेलो असताना फराळाच्या ताटावर करोनाकाळातला जुना वाद पुन्हा निघाला. मामांचे म्हणणे असे, की त्यांच्या ओळखीतले जे लोक दुसऱ्या लाटेनंतर करोनाने दवाखान्यात भरती झाले, त्यांतल्या बहुतेकांनी लस घेतलेली होती. मग लशीचा उपयोग काय झाला? त्यांच्या मुलाचे मत दुसऱ्या टोकाचे होते. ज्यांनी लस घेतली नाही त्यांचे रेशन, प्रवास आणि नोकरी तेव्हाच बंद करायला हवी होती, आणि पुढच्या साथीत तरी सरकारने कच खाऊ नये, असे तो तावातावाने सांगत होता. मी दहा वर्षे जर्मनीत, लाइपझिग शहरात राहतो, त्यामुळे ‘तिकडे काय केले ते सांग’ म्हणून दोघांनीही मला पंच नेमले. त्या रात्री मी दिलेले उत्तर तोकडे होते, म्हणून ते इथे सविस्तर मांडतो.

आधी मामांचा मुद्दा, कारण तो हिशेबाचा आहे. समजा, एक हजार वस्तीच्या गावात साडेनऊशे लोकांनी लस घेतली आणि पन्नास जणांनी घेतली नाही. न घेतलेल्यांपैकी दहा जण गंभीर आजारी पडले, म्हणजे पाचात एक. घेतलेल्यांपैकी एकोणीस जण गंभीर आजारी पडले, म्हणजे पन्नासात एक. दवाखान्यात जाऊन मोजले तर एकोणतीस रुग्णांपैकी एकोणीस लस घेतलेले दिसतील, आणि तरीही लशीने गंभीर आजाराचा धोका दहापटीने कमी केलेला असेल. गावात लस घेतलेलेच जवळजवळ सगळे आहेत, म्हणून खाटांवरही तेच जास्त दिसतात. मामा आयुष्यभर बँकेत होते, त्यामुळे कागदावर हे मांडल्यावर त्यांना ते लगेच पटले. मात्र पटल्यावर त्यांनी जो पुढचा प्रश्न विचारला तो अवघड होता. लस घेतलेल्यालाही संसर्ग होतो आणि त्याच्याकडून तो दुसऱ्यालाही जातो, हे जर खरे, तर न घेतलेल्याला गाडीतून खाली उतरवण्याचा अधिकार सरकारला कुठून मिळतो?

जर्मनीतली सारी भांडणे याच प्रश्नाभोवती झाली. 2021 च्या सुरुवातीला लस म्हणजे संसर्गाला घातलेला बांध अशीच बहुतेकांची समजूत होती. पुढे डेल्टा आणि त्यानंतर ओमायक्रॉन आल्यावर दिसले, की गंभीर आजार आणि मृत्यू यांपासून मिळणारे संरक्षण बरेच टिकते, पण संसर्गापासूनचे संरक्षण काही महिन्यांत ओसरू लागते. ज्ञान बदलले होते, तरी राजकारण्यांची भाषा जुनीच राहिली. नोव्हेंबर 2021 मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री येन्स श्पान यांनी आपण प्रामुख्याने ‘लस न घेतलेल्यांची महासाथ’ अनुभवत आहोत असे जाहीर केले. सरकारला सल्ला देणाऱ्या रॉबर्ट कॉख संस्थेत त्याच आठवड्यात, हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर नाही, साथीला सगळीच लोकसंख्या हातभार लावते आहे, अशी नोंद झाली होती. ती अंतर्गत इतिवृत्ते 2024 मध्ये लोकांसमोर आली तेव्हा माझ्या कार्यालयात, ज्यांनी स्वतः तीन-तीन डोस घेतले होते असे सहकारीसुद्धा संतापले. लशीबद्दल त्यांची तक्रार नव्हती; अर्धवट खरे सांगितले गेले याचा त्यांना राग होता.

मी राहतो ते सॅक्सनी राज्य लसीकरणात देशात सर्वांत मागे होते. तिथे 8 नोव्हेंबर 2021 पासून उपाहारगृहात आत बसायचे तर लस घेतल्याचा किंवा नुकतेच बरे झाल्याचा पुरावा लागू लागला. असा नियम करणारे ते जर्मनीतले पहिले राज्य. काही आठवड्यांत कपड्यांच्या दुकानांनाही तो लागू झाला. किराणा आणि औषधे यांना मात्र कोणीही हात लावला नाही. इतके असूनही 3 डिसेंबरच्या रात्री ग्रिमा या गावात राज्याच्या आरोग्यमंत्री पेट्रा क्योपिंग यांच्या घरासमोर मशाली घेऊन जमाव उभा राहिला. नाझींच्या मशालमिरवणुकांमुळे जर्मनीच्या इतिहासात रात्रीच्या मशालींना जो अर्थ आहे, तो इथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

माझ्या शेजारी राहणाऱ्या सत्तरीच्या निवृत्त अभियंता बाईंनी अखेरपर्यंत लस घेतली नाही. त्या काही अडाणी किंवा अंधश्रद्ध नाहीत. त्यांचे बालपण पूर्व जर्मनीत गेले, जिथे लसीकरण सक्तीचे होते आणि, हे सांगायला हवे, विलक्षण यशस्वीही होते. पोलिओची तोंडावाटे द्यायची लस तिथे 1960 मध्येच सगळीकडे पोचली होती. 1961 मध्ये पश्चिम जर्मनीत साडेचार हजारांहून अधिक लोकांना पोलिओ झाला, तेव्हा पूर्वेकडे तो जवळजवळ संपला होता. मी त्यांना हे बोलून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, “तेव्हा कोणी विचारतच नव्हते. आता विचारतात, म्हणून मी नाही म्हणते.” या वाक्याशी मी आजही सहमत नाही, पण ते कुठून येते हे मला समजते, कारण मी पुण्यात शिकलो आहे. 1897 च्या प्लेगमध्ये शास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईत लस तयार करून 10 जानेवारीला आधी स्वतःला टोचून घेतली. आमच्या सामूहिक स्मृतीत मात्र घरात घुसणारे सोजीर, रँड आणि चापेकर बंधू हेच अधिक ठसलेले आहेत.

पुढे जर्मन संसदेत साठ वर्षांवरील सर्वांना लस सक्तीची करण्याचा प्रस्ताव आला आणि 7 एप्रिल 2022 रोजी 296 विरुद्ध 378 मतांनी तो पडला. रुग्णालये आणि वृद्धाश्रम यांतल्या कर्मचाऱ्यांवरची सक्ती तेवढी मार्च ते डिसेंबर 2022 अशी राहिली आणि नंतर तीही गेली.

याच देशात गोवराच्या लशीचा कायदा मात्र 1 मार्च 2020 पासून आजवर ठाम उभा आहे. पुरावा नसेल तर पाळणाघरात आणि बालवाडीत प्रवेश मिळत नाही. शिक्षण सक्तीचे असल्यामुळे शाळेतून मुलाला काढता येत नाही, पण पालकांना अडीच हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो. जर्मनीच्या घटना न्यायालयाने 2022 मध्ये हा कायदा वैध ठरवला. पालकांच्या हक्कांत आणि मुलाच्या शरीरात हा हस्तक्षेप आहे हे न्यायालयाने मान्य केले. पण तान्ही बाळे किंवा प्रतिकारशक्ती खचलेले रुग्ण, ज्यांना लस देताच येत नाही, त्यांच्या रक्षणासाठी तो समर्थनीय आहे असे म्हटले. गोवराचा एक रुग्ण प्रतिकारशक्ती नसलेल्या समूहात बारा ते अठरा जणांना आजार देतो, आणि दोन डोस सुमारे 97 टक्के लोकांना त्यापासून वाचवतात, तेही बहुधा आयुष्यभर. म्हणजे इथे लस प्रसारच थांबवते, आणि 95 टक्के मुलांनी ती घेतली तर उरलेल्यांनाही आडोसा मिळतो. मामांच्या प्रश्नाचे माझे उत्तर हेच आहे: लस नेमके काय करते, यावरून न घेणाऱ्यावर किती बंधन घालावे हे ठरायला हवे. गोवराच्या बाबतीत ते बंधन मला रास्त वाटते. ओमायक्रॉननंतरच्या करोनाच्या बाबतीत ते वाटत नाही, आणि हे मी चार डोस घेतलेला माणूस म्हणून लिहितो आहे.

आता मामेभावाच्या मताकडे वळतो. महाराष्ट्राने 15 ऑगस्ट 2021 पासून मुंबईची लोकल दोन्ही डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना खुली केली. लाइपझिगमध्ये बसून बातमी वाचताना मलाही ते सुज्ञपणाचे वाटले होते. नंतर तारखा जुळवून पाहिल्या. पंचेचाळिशीच्या आतल्यांसाठी लसीकरण 1 मे रोजी सुरू झाले, पण लशीअभावी राज्याने ते काही दिवसांतच थांबवले. केंद्राने सर्व प्रौढांना मोफत लस देणे 21 जूनला सुरू केले. आणि कोव्हिशील्डच्या दोन डोसांतले अंतर तोवर किमान 84 दिवसांचे झाले होते. ज्या तरुणाने 21 जूनला पहाटेपासून रांग लावून पहिला डोस घेतला, त्याला दुसरा 13 सप्टेंबरच्या आधी मिळूच शकत नव्हता आणि लोकलचा पास सप्टेंबर संपत आल्याशिवाय हाती येणार नव्हता. बदलापूरहून मुंबईला येणाऱ्या अशा माणसाने लस नाकारलेली नव्हती, तरी नियमाच्या लेखी तो लस न घेतलेलाच होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर, जिल्ह्यात किमान एक डोस नसेल तर रेशन आणि पेट्रोल देऊ नये असा आदेश निघाला. जर्मनीतल्या सर्वांत कडक दिवसांतही असे कोणी सुचवल्याचे मला आठवत नाही. उपाहारगृहातली खुर्ची आणि रेशनचे धान्य यांत फरक असतो, आणि तो ज्याला कळत नाही त्याने निर्बंधांचे आदेश लिहू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने 2022 च्या फेब्रुवारीत लोकलच्या आदेशावर ताशेरे ओढले, गुढीपाडव्याला राज्यातले निर्बंध उठले, आणि 2 मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर निकाल दिला, की कोणावरही लशीची सक्ती करता येणार नाही आणि तेव्हाची परिस्थिती पाहता न घेतलेल्यांवरचे निर्बंध प्रमाणाबाहेरचे आहेत. त्याच निकालाने लशीनंतरच्या दुष्परिणामांची माहिती लोकांसमोर ठेवायलाही सांगितले. या दुसऱ्या भागाची चर्चा आपल्याकडे फार कमी झाली. नोव्हेंबर 2022 मध्ये केंद्राने, लस ऐच्छिक होती, नुकसानभरपाई हवी असेल तर दिवाणी न्यायालयात जावे, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयात घेतली. कागदावर ऐच्छिक आणि रेल्वे स्थानकावर अनिवार्य! जर्मनीत सरकारने शिफारस केलेल्या लशीने इजा झाली असे ठरले तर भरपाई सरकारच्या तिजोरीतून मिळते. ती मिळवणे सोपे नाही, पण जबाबदारी कोणाची हे कायद्यात लिहिलेले आहे.

नोव्हेंबर 2022 मध्येच मुंबईत गोवंडी आणि आसपास गोवराची साथ आली, मुले दगावली. भिवंडी आणि मालेगावातही ती पसरली. तिथल्या मुलांना लस का मिळाली नव्हती? काही घरांत नकार होता, हे खरे आहे. पण करोनाकाळात नियमित लसीकरण कोलमडले होते, आणि स्थलांतरित कुटुंबांची मुले कोणत्याच केंद्राच्या यादीत नव्हती. माझ्या शेजारच्या बाई आणि गोवंडीतल्या अशा एखाद्या मुलाची आई यांना एकच नाव देऊन एकच शिक्षा सुचवणे मला जमत नाही.

हे सारे मी नाशिकला बोललो तेव्हा मामेभावाने एकच गोष्ट विचारली: “पण तिकडे दंड किती?” आकडा ऐकून त्याने मोबाइलवर रुपये काढले आणि तो खूश झाला. मग मी त्याला माझ्या मुलीचे कार्ड दाखवले. तिचा जन्म सिन्नरजवळ, बायकोच्या माहेरी झाला आणि व्हिसाला उशीर झाल्याने ती दोन वर्षांची होईपर्यंत तिथेच होती. 2020 मध्ये लाइपझिगच्या बालवाडीने गोवराच्या लशीचा पुरावा मागितला तेव्हा इथल्या बालरोगतज्ज्ञांसमोर बसून मी ते मराठी कार्ड वाचून दाखवले आणि त्यांनी दोन तारखा जर्मन पुस्तिकेत उतरवून घेतल्या. त्यांतली दुसरी तारीख उपकेंद्राने दिलेल्या तारखेपेक्षा आठवड्याने पुढची आहे, कारण बायको तापाने आजारी होती आणि आम्ही विसरलो होतो. बाळ का आले नाही म्हणून आशाताई उन्हातून चालत घरी आल्या होत्या. जर्मनीत त्या जागी पत्र आले असते. ही हकिकत भावाला दंडाइतकी रंजक वाटली नसावी, कारण त्याने चिवड्याचा डबा माझ्याकडे सरकवला आणि विषय बदलला.