पस्तिशीपुढच्या एकट्यांनी जायचं कुठे?

आज आपल्या बेने इस्राएल ज्यू समाजाच्या ग्रुपवर परत तेच निमंत्रण: 'सिंगल्स मीट, वय 21 ते 35'. म्हणजे छत्तिसाव्या वर्षी माणूस संपतो?

गेल्या शब्बाथला (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र, आपला विश्रामवार) किद्दुश, म्हणजे पेल्यावरची आशीर्वादाची प्रार्थना, झाल्यावर एक विधवा बाई मनुकांच्या सरबताचा पेला धरून भिंतीशी उभ्या होत्या. जोडपी जोडप्यांशी बोलत होती. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, मान्य. पण त्या दहा मिनिटांत निघून गेल्या.

मिन्यानला, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांत, दहावा कमी पडला की एकट्या माणसाला आपण पहाटे फोन करतो. जेवायला मात्र बोलवत नाही. राग येतो तो याचाच.

कार्यक्रम करायचाच तर नीट करा. शब्बाथला पेनही नाही, मोबाइलही नाही, म्हणून नावं शुक्रवारी दुपारपर्यंत घ्या. शनिवारी रात्री ठेवलंत तर उन्हाळ्यात हवदाला, म्हणजे शब्बाथ संपल्याची प्रार्थना, होईपर्यंत मुंबईत आठ वाजतात. मग ठाण्याच्या, पनवेलच्या बाईने घरी कधी पोचायचं? रविवार सकाळ ठेवा, अकरा ते दोन. ओमेरच्या दिवसांत (वल्हांडणानंतरचे सात आठवडे) आणि बिरड्याच्या सणाआधीच्या (आव महिन्याच्या नवमीचा, मंदिराच्या विध्वंसाच्या शोकाचा उपास) तीन आठवड्यांत गाणंबजावणं धरू नका. त्या सणानंतर सहाव्या दिवशी तू बआव, म्हणजे आव महिन्याचा पंधरावा दिवस, येतो. त्या दिवशी यरुशलेमच्या मुली उसनी पांढरी वस्त्रं घालून नाचायला जात, ज्यांच्याकडे नाहीत त्यांना लाज वाटू नये म्हणून, असं मिश्नात, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहात, आहे. एवढा विचार त्यांनी केला होता.

'वधूवर' हा शब्द फलकावर नकोच. बायका जास्त येतात, पुरुष कमी. जोड्या लावायला बसलात की निम्म्या जणी पडलेल्या चेहऱ्याने घरी जातात आणि परत येत नाहीत. चोवीस माणसं, सहा-सहांची चार टेबलं, आणि प्रत्येक टेबलाला हातात काम. मलिदाच करायला घ्या: दीड किलो पोहे, तीन नारळ, पाऊण किलो साखर, वेलची, पाच फळं. नारळ खवताना अनोळखी माणसंही बोलायला लागतात. खोबरं मात्र तासाभराआधीच मिसळा, आपल्या हवेत आंबतं. मटण ठेवलंत तर मांसासोबत दूध चालत नाही, म्हणून दुधाचा चहा देता येणार नाही. मलिदा असला की चहा चालतो, आणि लोक चहासाठीच रेंगाळतात. वीस मिनिटांनी प्रत्येक टेबलावरचे दोघे हलवा, सगळे नको, नाहीतर रंगलेलं बोलणं तुटतं.

दाराशी एक माणूस ठेवा, नवख्याला नावाने ओळख करून देणारा. भिंतीशी उभ्या त्या बाईंना एवढंच हवं होतं.

त्यातून कुणाचं जमलं तर आनंदच. तेव्हा कोहेनाला, म्हणजे याजकांच्या वंशातल्या पुरुषाला, विधवा चालते, घटस्फोटिता चालत नाही, हे आयोजकाने आधीच मनात ठेवावं. सगळ्यांसमोर विचारू नये. दोन्ही घरची मुलं कुरकुरतील, तेही खरं. कुरकुरू देत.

समितीतल्या मंडळींनो, रविवारसाठी हॉल मोकळा आहे का तेवढं कळवा. नारळ खवायला विळ्या मी आणते.